हंगेरीचे चित्रपट आणि त्यांतील कथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगेरीसारख्या लहान देशाचे चित्रपट मुद्दाम शोधून पाहावेत, असे त्यांत काय आहे?

हंगेरीची लोकसंख्या एक कोटीहूनही कमी आहे, म्हणजे मुंबई महानगराच्या निम्मीसुद्धा नाही. तरीही परभाषी चित्रपटासाठीचे ऑस्कर या देशाला दोनदा मिळाले: १९८२ मध्ये इश्तवान साबो यांच्या ‘मेफिस्टो’ला आणि २०१६ मध्ये लास्लो नेमेश यांच्या ‘सन ऑफ सॉल’ला. पुरस्कारांमुळे चित्रपटाकडे लक्ष जाते, पण तो मनात राहतो तो वेगळ्या कारणाने. या पानाच्या लेखकाच्या मते हंगेरीच्या उत्तम चित्रपटांना बांधणारा एक धागा आहे आणि तो म्हणजे खोटे बोलणे. तेथील कथांत कोणी सत्तेच्या भीतीने खोटे बोलतो, कोणी मायेपोटी, कोणी पोटासाठी आणि कोणी स्वतःच्याच समाधानासाठी. विसाव्या शतकात ज्या देशाने दोन महायुद्धे हरली, ज्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग पहिल्या महायुद्धानंतरच्या १९२० च्या त्रियानों तहाने गेला आणि ज्याने नाझी व सोव्हिएत अशा दोन्ही सत्तांचा अंमल सोसला, त्या देशातल्या दिग्दर्शकांना या विषयासाठी दूर जावे लागले नाही. पुढील उत्तरे हाच धागा धरून लिहिली आहेत.

ही नावे वाचायची कशी?

हंगेरियन भाषेत आडनाव आधी आणि नाव नंतर येते. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटात जसे ‘पाटील संजय’ लिहितात, तसेच तेथे ‘साबो इश्तवान’ किंवा ‘तार बेला’ म्हणतात. बाहेरच्या जगासाठी मात्र क्रम उलटा केला जातो आणि येथेही तोच ठेवला आहे. त्यांच्या रोमन लिपीत ‘एस’ या एकट्या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि ‘एस-झेड’ या जोडीचा ‘स’. त्यामुळे पोस्टरवर इंग्रजी वळणाने ‘झाबो’ वाटणारे आडनाव प्रत्यक्षात ‘साबो’ असते.

हंगेरीत चित्रपट कधीपासून बनत आहेत? पूर्वीची काही नावे आपल्या ओळखीची आहेत का?

मूकपटांच्या काळातच बुडापेस्टमध्ये चित्रपटांचा मोठा धंदा उभा राहिला होता. १९१९ मध्ये हंगेरीत आलेल्या अल्पजीवी साम्यवादी सरकारने, म्हणजे हंगेरियन सोव्हिएत गणराज्याने, त्या धंद्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि तेही रशियाने तसे करण्याच्या काही महिने आधी. त्या वर्षीच्या धामधुमीत जी मंडळी देश सोडून गेली, त्यांत मिहाय केर्तेस आणि शांदोर कोर्दा हे दोघे होते. केर्तेस पुढे मायकल कर्टिझ झाले आणि त्यांनी ‘कासाब्लांका’ दिग्दर्शित केला. कोर्दा ब्रिटनमध्ये अलेक्झांडर कोर्डा या नावाने मोठे निर्माते झाले. त्यांचे धाकटे बंधू झोल्तान हे १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, म्हैसूरच्या साबूला जगापुढे आणणारा तो हाच चित्रपट. हंगेरीत मागे राहिलेल्यांनी १९३१ मध्ये ‘हिप्पोलित, अ लाकाय’ हा विनोदी बोलपट केला. त्यात नवश्रीमंत कुटुंब एका खानदानी बटलरला नोकरीवर ठेवते आणि मग घरच्या मालकालाच स्वतःच्या घरात वावरण्याची चोरी होते. तो आजही हसवतो.

१९५६ या सालाचा उल्लेख वारंवार का येतो?

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी तो चिरडण्यास सुरुवात केली. उठावाच्या काळातले पंतप्रधान इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फाशी देण्यात आली. पुढे यानोश कादार यांची राजवट तीस वर्षांहून अधिक चालली. त्या राजवटीत उठावाला अधिकृतपणे ‘प्रतिक्रांती’ म्हणावे लागे आणि दुसरा शब्द वापरण्याची सोय नव्हती.

कलेच्या बाबतीत मात्र ही राजवट शेजारच्या देशांइतकी कठोर नव्हती. सांस्कृतिक धोरण सांभाळणारे ग्यॉर्ग आत्सेल यांच्या नावाशी जोडलेले तीन कप्पे प्रसिद्ध आहेत: पाठिंबा दिलेली कला, चालवून घेतलेली कला आणि बंदी घातलेली कला. हंगेरियनमध्ये तिन्ही शब्द ‘त’ने सुरू होतात. उत्तम चित्रपटांपैकी बरेचसे मधल्या कप्प्यात जन्मले, कारण तेथे काय चालेल आणि काय नाही हे कोणालाच नक्की ठाऊक नसे आणि दिग्दर्शक रोज ती मर्यादा चाचपून पाहत. पैसा सरकारचा आणि गोष्ट सरकारविरुद्धची, असा हा विचित्र व्यवहार होता.

दिग्दर्शक जुन्या इतिहासात इतके का रमतात?

ते रमत नाहीत, आडोसा घेतात. मिक्लोश यांचो यांचा १९६६ चा ‘सेगेन्यलेगेन्येक’ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. बाहेर तो ‘द राउंड-अप’ या नावाने ओळखला जातो. काळ आहे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या १८४८ च्या क्रांतीनंतर दोन दशकांचा. पुस्ता म्हणजे हंगेरीचे अफाट गवताळ माळरान. त्या माळावर एका कुंपणबंद छावणीत शेकडो माणसे डांबली आहेत. क्रांतीत लढलेल्या शांदोर रोझा या बंडखोराचे साथीदार त्यांच्यात आहेत, पण ते नेमके कोण हे अधिकाऱ्यांना कळत नाही.

चित्रपटात मारझोड फार दिसत नाही. पांढऱ्या भिंती, काळे झगे, डोक्यावरून खाली ओढलेले टोप घालून गोल-गोल चालणारे कैदी आणि त्यांच्याशी सौजन्याने बोलणारे अधिकारी, इतकेच दिसते. यानोश गायदार नावाच्या कैद्याला सांगितले जाते की त्याने स्वतःपेक्षा जास्त खून केलेला माणूस दाखवून दिला, तर त्याचा जीव वाचेल. तेथून तो खबऱ्या होतो आणि एका रात्री सोबतच्या कैद्यांपैकीच कोणीतरी त्याला संपवते. शेवट येथे सांगून टाकतो, कारण तो माहीत असूनही तितकाच बसतो. रोझाला सम्राटाने माफी दिल्याची घोषणा होते, कैदी आनंदाने जयजयकार करतात आणि त्या जयघोषाने त्यांची ओळख उघडी पडते. मग घोषणेचा उरलेला अर्धा भाग वाचला जातो: माफी फक्त रोझाला आहे, साथीदारांना शिक्षा होईल. येथे अधिकाऱ्याचे एकही वाक्य खोटे नसते. खरे बोलून फसवण्याची ही कला पाहताना १९६६ च्या प्रेक्षकाला एकोणिसावे शतक आठवले असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात जाताना या चित्रपटाचा देशातल्या अलीकडच्या घटनांशी संबंध नाही, असे निवेदन यांचो यांना करावे लागले. ते खोटे आहे हे सर्वांनाच ठाऊक होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

राजकारण नको आहे, साधी कौटुंबिक गोष्ट आहे का?

आहे, पण तिच्याही दाराशी पोलीस उभे असतात. कारोय माक यांचा १९७१ चा ‘सेरेलेम’, म्हणजे ‘प्रेम’, ही एका सासू-सुनेची गोष्ट आहे. काळ १९५३ च्या सुमाराचा आहे. नव्वदीकडे झुकलेली सासू अंथरुणाला खिळली आहे. मुलगा यानोश राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे. हे म्हातारीला कळू नये म्हणून सून लुत्सा तो अमेरिकेत असल्याचे भासवून त्याच्या नावाने पत्रे स्वतःच लिहिते. त्या पत्रांत यानोश मोठा चित्रपट दिग्दर्शित करीत असतो आणि त्याच्या थाटामाटाला सीमा नसते. सून फुले घेऊन येते, पलंगाशी बसते, म्हातारी पत्राचे कौतुक करते, मधूनच सुनेला टोमणा मारते आणि सून तो गिळते. इकडे सुनेची नोकरी गेलेली असते आणि घरातल्या वस्तू विकायची वेळ आलेली असते.

म्हातारीला खरे कळले आहे की नाही, याचे उत्तर माक देत नाहीत. तिच्या मनातल्या आठवणी क्षणभर चमकून जातात: जुनी छायाचित्रे, घोडागाडी, कोणाचा तरी हात. कॅमेरामन यानोश तोथ यांनी ही चित्रे इतक्या लहान तुकड्यांत पेरली आहेत की ती पाहिली की भासली, याची खात्री प्रेक्षकालाही देता येत नाही. मुलगा अखेर सुटतो, परंतु आई त्याआधीच गेलेली असते.

पडद्यामागची हकीगतही सांगायला हवी. ज्यांच्या कथांवर हा चित्रपट बेतला आहे ते लेखक तिबोर देरी आणि यानोशची भूमिका करणारे इवान दारवाश, हे दोघेही १९५६ नंतर खरोखरीच तुरुंगात होते. सासूची भूमिका करणाऱ्या लिली दारवाश यांचे आयुष्य मात्र अनेक वर्षे खरोखरीच्या अमेरिकेत गेले होते. सून झालेल्या मारी त्योरोचिक यांनी नंतर १९७६ मध्ये दुसऱ्या एका चित्रपटासाठी कानचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. एकच हंगेरियन चित्रपट पाहण्याइतका वेळ असेल, तर माझे मत याला आहे.

सगळेच इतके गंभीर आहे का? विनोदी काही नाही?

पेतेर बाचो यांचा ‘अ तानू’, म्हणजे ‘साक्षीदार’, हा चित्रपट १९६९ मध्ये तयार झाला, दहा वर्षे डब्यात पडून राहिला आणि त्यानंतर हंगेरीत इतका लाडका झाला की त्यातले संवाद लोक रोजच्या बोलण्यात वापरू लागले. योझेफ पेलिकान हा नदीकाठच्या बांधाची राखण करणारा साधा माणूस. घरात पोरे पुष्कळ, खायला पुरेसे नाही, म्हणून तो चोरून डुक्कर कापतो आणि पकडला जातो. शिक्षा व्हायची ती होत नाही, उलट एकामागून एक मोठी पदे मिळत जातात. प्रत्येक पदावर तो घोटाळा करतो, तुरुंगात जातो आणि पुन्हा वरच्या पदावर येतो. करमणूक बागेचा संचालक असताना तो ‘समाजवादी भुताटकीची गाडी’ चालवतो.

सर्वांत गाजलेला प्रसंग संत्र्याचा आहे. संशोधन संस्थेत पहिले हंगेरियन संत्रे पिकवले जाते आणि त्याच्या गौरवाचा समारंभ ठरतो. ऐन वेळी पेलिकानचे पोर ते एकुलते एक संत्रे खाऊन टाकते. मग पाहुण्या नेत्याच्या हाती लिंबू दिले जाते. तो चावा घेतो, तोंड वेडेवाकडे करतो आणि पेलिकान त्याला सांगतो की जरा जास्त पिवळे आहे, जरा आंबट आहे, पण आपले आहे. हे सगळे उपकार कशासाठी, ते शेवटी उघड होते: पेलिकानने त्याच्या जुन्या मित्राविरुद्ध, म्हणजे आता आरोपी झालेल्या मंत्र्याविरुद्ध, खोटी साक्ष द्यायची असते. साक्षीचा पाठ त्याला लिहून दिला जातो आणि तो वाचता वाचता त्याच्या लक्षात येते की चुकून हाती आलेला कागद साक्षीचा नसून निकालाचा आहे. फेरेंत्स काल्लाई यांचा गोंधळलेला, प्रामाणिक चेहरा नसता, तर हा विनोद कदाचित कडवट झाला असता.

‘मेफिस्टो’ तर जर्मनीत घडतो. मग तो हंगेरियन कसा?

कथा जर्मन लेखक क्लाउस मान यांच्या कादंबरीवर आहे आणि मुख्य भूमिका ऑस्ट्रियन नट क्लाउस मारिया ब्रांडाउअर यांची आहे, हे खरे. हेंड्रिक होफगेन हा महत्त्वाकांक्षी नट नाझी राजवटीत वर चढत जातो. मित्र परागंदा होतात, काही मारले जातात, आणि तो मात्र आपण केवळ कलावंत आहोत असे स्वतःला समजावत राहतो. शेवटी रिकाम्या स्टेडियमच्या मधोमध प्रखर झोतांत तो उभा असतो आणि लपायला जागा नसते. सत्तेशी थोडे जुळवून घेतले तर काम तरी करता येते, हा हिशोब कादारकालीन बुडापेस्टमधल्या प्रत्येक कलावंताने कधी ना कधी मांडला होता. चित्रपट हंगेरियन आहे तो या अर्थाने.

२००६ मध्ये एका हंगेरियन साप्ताहिकाने उघड केले की १९५६ नंतर चित्रपटशाळेत शिकत असताना साबो यांनी गुप्त पोलिसांना अहवाल दिले होते. एका सहाध्यायाला वाचवण्यासाठी ते केले, असे त्यांचे म्हणणे होते. या माहितीमुळे काहींना ‘मेफिस्टो’ ढोंगी वाटू लागला. मला तो उलट अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, कारण होफगेनची कारणमीमांसा इतक्या बारकाईने लिहायची तर ती आतून माहीत असावी लागते. २०२१ च्या गोव्यातील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासह साबो यांना सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला.

स्त्री दिग्दर्शकांचे काम कसे आहे?

बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे सुवर्ण अस्वल, हंगेरीने १९७५ मध्ये आणि २०१७ मध्ये आणले, आणि दोन्ही वेळा स्त्री दिग्दर्शकाने. मार्ता मेसारोश यांच्या ‘अडॉप्शन’मध्ये कारखान्यात काम करणाऱ्या चाळिशीपुढच्या काताला मूल हवे आहे, पण विवाहित प्रियकराला ते नको आहे, मग सरकारी वसतिगृहातल्या एका मुलीशी तिचा जीव जडतो. सुवर्ण अस्वल मिळवणाऱ्या मेसारोश या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांचे शिल्पकार वडील स्टालिनच्या दमनात बळी पडले. ‘डायरी फॉर माय चिल्ड्रेन’ या चित्रपटात त्यांनी तेच आयुष्य मांडले: सोव्हिएत संघातून परतलेली किशोरवयीन युली पक्षात मोठ्या पदावर असलेल्या बाईच्या घरी वाढते आणि त्या घरात तिच्या बापाबद्दल बोलायचे नसते.

इल्दिको एन्येदी यांच्या ‘ऑन बॉडी अँड सोल’मधील नायक-नायिका बुडापेस्टच्या एका कत्तलखान्यात काम करतात. रोज रात्री दोघांना एकच स्वप्न पडते, बर्फाळ जंगलातल्या हरणाच्या जोडीचे. चौकशीसाठी आलेली मानसशास्त्रज्ञ दोघांची स्वप्ने ऐकते आणि हे आपली थट्टा करीत आहेत, ठरवून खोटे बोलत आहेत, असा निष्कर्ष काढते. येथे एकदाचे कोणी खरे बोलते, तर त्यावर विश्वास बसत नाही.

ज्यूंच्या संहाराबद्दल हंगेरीच्या चित्रपटांनी काय सांगितले?

१९४४ च्या मे ते जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना रवाना करण्यात आले, बहुतेकांना आउशविट्झ या नाझी मृत्युछावणीत, आणि गाड्या भरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हंगेरियन प्रशासनाने व जेन्डार्म या सशस्त्र पोलीस दलाने केले. ‘सन ऑफ सॉल’ त्याच वर्षीच्या आउशविट्झमधील दोनएक दिवसांची कथा सांगतो. प्रेते हलवण्याच्या कामाला जुंपलेल्या सॉल या ज्यू कैद्याला एका मृत मुलात आपला मुलगा दिसतो आणि त्याला विधिपूर्वक मूठमाती मिळावी म्हणून तो रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शोधत फिरतो. सोबती त्याला सांगतात की तुला मुलगाच नव्हता. कॅमेरा जवळजवळ संपूर्ण वेळ सॉलच्या चेहऱ्याशी किंवा पाठीशी चिकटलेला असतो. भोवतालचे भयंकर दृश्य धूसर राहते आणि कानांवर मात्र अनेक भाषांतल्या आरोळ्या येत राहतात.

फेरेंत्स त्योरोक यांचा २०१७ चा ‘१९४५’ कमी गाजला, पण तो चुकवू नये. ऑगस्टमधल्या एका उकाड्याच्या दिवशी गावाच्या स्टेशनवर दोन ज्यू पुरुष पेट्या घेऊन उतरतात आणि सामानाच्या गाडीमागून पायी गावाकडे निघतात. ते कोणाला काहीच विचारत नाहीत. तेवढ्याने गावाची झोप उडते, कारण नेलेल्या शेजाऱ्यांची घरे, दुकान आणि भांडीकुंडी आता कोणाकडे आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

बेला तार यांचा सात तासांचा चित्रपट खरोखर पाहवतो का?

पाहवतो, मात्र तो घाईत असलेल्या माणसासाठी नाही. १९९४ चा ‘शातानतांगो’ लास्लो क्रास्नाहोरकाई यांच्या १९८५ च्या कादंबरीवर आधारित आहे. या लेखकांना २०२५ चे साहित्याचे नोबेल मिळाले. पहिले दृश्य फक्त गाईंचे आहे. चिखलाने भरलेल्या ओसाड वस्तीत गाई गोठ्यातून बाहेर पडतात, रेंगाळतात, घरांच्या भिंतींकडेने चालत जातात आणि कॅमेरा कित्येक मिनिटे त्यांच्या बरोबरीने सरकतो. ही वस्ती म्हणजे मोडकळीस आलेली सामुदायिक शेती आहे. मेला असे समजलेला इरिमियाश परत येतो, गोड बोलून सर्वांच्या हातातला पैसा काढून घेतो आणि त्यांना नव्या आयुष्याची स्वप्ने दाखवतो. तांगो नृत्याप्रमाणे सहा पावले पुढे आणि सहा मागे, अशी बारा भागांची रचना आहे.

शेवटाकडे एक दृश्य येते. इरिमियाशने गावकऱ्यांविषयी पोलिसांना पाठवलेला अहवाल दोन कारकून टंकलिखित करायला बसतात. त्यातल्या शिव्या गाळून ते शब्द-शब्द चर्चा करीत त्याला कचेरीच्या शिष्ट भाषेत बसवतात, मध्येच खातात आणि काम संपवून घरी जातात. सरकारी दप्तराशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना हे दृश्य लांब वाटणार नाही. एक इशारा मात्र द्यायला हवा: एक लहान मुलगी मांजराचा छळ करते तो प्रसंग सहन होणे कठीण आहे. एवढा वेळ नसल्यास ‘वर्कमाइस्टर हार्मनीज’ (२०००) किंवा ‘द ट्युरिन हॉर्स’ (२०११) पाहावा. दुसऱ्यात बाप-लेक रोज एकेक उकडलेला बटाटा हाताने सोलून खातात, आणि हा त्यांचा शेवटचा कथापट असल्याचे तार यांनी तेव्हाच जाहीर केले होते.

मुलांना दाखवता येईल असे काही आहे का?

हंगेरीची अॅनिमेशनची परंपरा श्रीमंत आहे. ‘वुक’ ही कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट घरोघर माहीत आहे. फेरेंत्स रोफुस यांचा जेमतेम तीन मिनिटांचा ‘माशी’ माशीच्याच नजरेने घरभर फिरतो; त्याला १९८१ मध्ये ऑस्कर मिळाले. मार्सेल यांकोविच यांचा ‘फेहेरलोफिया’ लोककथेवर असला आणि त्याचे रंग डोळे दिपवणारे असले, तरी तो थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवावा.

सुरुवात कोठून करावी?

क्रिश्तोफ देआक यांच्या ‘मिंदेन्की’पासून करावी, कारण तो केवळ २५ मिनिटांचा आहे, २०१७ मध्ये त्याला लघुपटाचे ऑस्कर मिळाले. बक्षिसे जिंकणाऱ्या शाळेच्या वृंदगान पथकात झोफी ही नवी मुलगी येते. बाई तिला बाजूला घेऊन प्रेमाने सांगतात की तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. ती तसे करते आणि कोणाला सांगत नाही. पुढे तिच्या मैत्रिणीला कळते की असे सांगितलेली ती एकटीच नाही. स्पर्धेच्या दिवशी बाई हात उंचावतात, सगळी मुले तोंडे उघडतात आणि सभागृहात एकही स्वर उमटत नाही.